पूर्वज जन्मनोंदीत सापडत नाहीत तेव्हा

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गोव्यातल्या घराण्यांच्या इतिहासाविषयी आलेली बहुतेक पत्रे एकाच जागी अडलेली दिसतात. आजोबा-पणजोबांची नावे घरात सर्वांना पाठ असतात, एखादा फोटो किंवा पत्रिकाही असते, पण त्यामागे एकोणिसाव्या शतकात पाऊल टाकले की नावही सापडत नाही आणि गावही निश्चित होत नाही. म्हणून या वेळी त्याच शतकाशी संबंधित प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : आम्ही फोंडा तालुक्यातले. आमची कुलदेवता म्हाळसा. खापरपणजोबांचे नाव ठाऊक आहे आणि ते १८८० च्या आसपास वारले असावेत, असा अंदाज आहे. पण सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयात त्यांच्या जन्माची किंवा मृत्यूची नोंद मिळाली नाही. आमचे घराणे मूळचे सासष्टीतल्या वेर्ण्याचे आणि खापरपणजोबाच तिथून इकडे आले, असे घरात सांगतात. आता वेर्ण्यात शोध घ्यावा का?

उत्तर : आधी नोंदीविषयी. पोर्तुगालात १९१० साली राजेशाही गेली, १९११ साली नागरी नोंदणीचा कायदा झाला आणि त्यानंतर ती व्यवस्था गोव्यात आली. त्यापूर्वी जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सलग नोंद ठेवण्याचे काम मुख्यतः चर्चच्या पुस्तकांत होत असे, त्यामुळे ख्रिस्ती कुटुंबांना बाप्तिस्म्याच्या नोंदींवरून पुष्कळ मागे जाता येते. हिंदू घराण्यांना तो आधार नाही. तेव्हा १८८० च्या सुमाराची मृत्युनोंद कार्यालयात मिळाली नाही यात नवल नाही, आणि त्यावरून खापरपणजोबा कुठे बाहेर वारले असा निष्कर्षही काढू नये.

वेर्ण्याविषयी मात्र थोडे सावध करावेसे वाटते. म्हाळसेचे मूळ देऊळ वेर्ण्याला होते आणि सोळाव्या शतकात सासष्टीतली देवळे पाडली गेली तेव्हा देवी म्हार्दोळला आणली गेली, हे आपल्याला माहीत असेलच. मंगेश कुशस्थळीहून, शांतादुर्गा केळशीहून आणि रामनाथ लोटलीहून अंत्रुजात, म्हणजे फोंडा भागात, आले, तेही याच काळात. देवांबरोबर किंवा देवांमागोमाग त्यांचे कुळावी, म्हणजे त्या देवाला कुलदैवत मानणारी घराणी, आले. ही आठवण घराघरांत इतकी जिवंत राहिली की पुढच्या पिढ्यांनी ती आपल्याला नावाने माहीत असलेल्या सर्वांत जुन्या पुरुषाशी जोडून टाकली. त्यामुळे ‘खापरपणजोबा वेर्ण्याहून आले’ या वाक्यातले वेर्णे बहुधा खरे असते, पण ते खापरपणजोबांचे नसून त्यांच्याही कितीतरी पिढ्या आधीचे असते. आपले पूर्वज तीनशे वर्षे फोंड्यातच असतील, तर वेर्ण्याची दप्तरे चाळण्यात आपला वेळ फुकट जाईल. फोंडा पोर्तुगिजांकडे गेला १७६३ साली. त्याआधी तिथे सौंदेकरांचा, म्हणजे सौंद्याच्या राजांचा, अंमल होता. म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या आपल्या माणसाची कागदपत्रे ही नव्या काबिजादीतल्या, म्हणजे पोर्तुगिजांनी अठराव्या शतकात मिळवलेल्या मुलखातल्या, रयतेची कागदपत्रे आहेत, आणि ती तशाच नजरेने शोधली पाहिजेत.

त्या काळच्या सरकारला हिंदू माणूस कधी जन्मला याच्याशी फारसे कर्तव्य नव्हते. त्याच्याकडे काय होते, त्याने काय गहाण टाकले, कोणाशी वाद केला आणि तो गेल्यावर ते कोणाला मिळाले, याच्याशी होते. म्हणून पूर्वज हक्काच्या नोंदीत शोधावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

या नोंदींत मी सर्वांत वर ठेवतो ती इन्व्हेंटरी. पोर्तुगालची १८६७ ची नागरी संहिता १८६९ च्या हुकुमाने इकडे लागू झाली आणि १८७० च्या जुलैपासून अमलात आली. हिंदूंच्या रूढींसाठी १८८० साली वेगळी संहिता झाली. वारसांत कोणी अज्ञान (अल्पवयीन) मूल असेल किंवा कोणी परागंदा असेल, तर मयताच्या मालमत्तेची इन्व्हेंटरी कोर्टात होणे बंधनकारक होते. खापरपणजोबा १८८० च्या सुमारास वारले आणि पणजोबा तेव्हा लहान असतील, तर अशी फाइल झाली असण्याचा संभव बराच आहे. तिच्या पहिल्या पानांवर मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्या व्यक्तीची, म्हणजे बहुधा विधवेची किंवा थोरल्या मुलाची, शपथेवरची जबानी असते : मयत कोण, कोणाचा मुलगा, कुठे आणि कोणत्या तारखेला वारला, मृत्युपत्र केले होते की नाही, बायकोचे नाव काय, मुले किती, प्रत्येकाचे वय काय, लग्न झाले आहे की नाही, मुलगी दिली असेल तर कोणाला आणि कोणत्या गावी. त्यानंतर अज्ञान मुलांच्या हितासाठी नेमलेल्या नातेवाइकांच्या मंडळाची नावे येतात, आणि त्यात बापाच्या बाजूचे चुलते व आईच्या बाजूचे मामे अशी दोन्हीकडची माणसे सापडू शकतात. पुढे मालमत्तेची मोजदाद : प्रत्येक कुळागर (पोफळीची बाग), भाटले (बागायती जमीन) आणि शेत त्याच्या नावानिशी व चतुःसीमांसह, घर, दागिने, तांब्यापितळेची भांडी, येणे आणि देणे. एका फाइलमध्ये तीन पिढ्या आणि निम्मा गाव भेटतो. चार पाने वाचून ती बाजूला ठेवू नका. शेवटच्या वाटणीपर्यंत वाचा, कारण मधल्या काळात एखादा वारस वारला असेल तर त्याची मुले पुढच्या पानांवर त्याच्या जागी आलेली दिसतात.

जुन्या न्यायालयीन फाइली आणि नोटरींची दप्तरे काही पणजीच्या पुराभिलेख खात्यात, तर काही संबंधित कोर्टांत आणि निबंधक कार्यालयांत आहेत. जाताना नुसते नाव घेऊन जाऊ नका, जमिनीचे नाव घेऊन जा. आपल्या वाडवडिलांच्या एखाद्या जमिनीचा एक-चौदाचा (सात-बारासारखा) उतारा काढा. त्यावरून पोर्तुगीज काळच्या मात्रीजीतला (जमीनकराच्या नोंदवहीतला) क्रमांक आणि जमीन-नोंदणीतले वर्णन गाठता येते का ते पाहा. त्या वर्णनाखाली जमीन कोणाकडून कोणाकडे कशी आली याच्या नोंदी असतात, आणि प्रत्येक दस्त आपल्या आधीच्या दस्ताचा उल्लेख करतो. माणसांची नावे पिढीगणिक बदलली, पण भाटांची आणि शेतांची नावे पुष्कळदा तशीच राहिली, त्यामुळे ही साखळी नावाच्या साखळीपेक्षा भरवशाची ठरते.

दुसरी जागा म्हणजे आपले देवस्थान. देवळांच्या महाजनींसाठी, म्हणजे देवस्थानात वंशपरंपरेने हक्क असलेल्या महाजनांच्या मंडळांसाठी, सरकारने १८८६ साली नियम केले आणि १९३३ साली ते नव्याने केले. आजही देवस्थानांचा कारभार त्या १९३३ च्या नियमांवर चालतो. महाजनकी बापाकडून मुलाकडे जाते, म्हणून महाजनांच्या याद्यांत नाव घालताना बापाचे नाव सांगावे लागे. देवस्थान समितीकडे रीतसर अर्ज करून जुनी यादी पाहता येईल का, हे नम्रपणे विचारा. जुन्या सभांच्या इतिवृत्तांत सह्या असतात, आणि खापरपणजोबांची स्वतःच्या हातची मोडी सही मिळणे ही किती मोठी गोष्ट आहे हे ज्याला ती मिळाली त्यालाच कळते.

शोधताना लिपीचे भान ठेवा. पोर्तुगीज कागदांत शंकर ‘शेंकोरा’सारखा, विठ्ठल ‘व्हितोला’सारखा, नारायण ‘नाराणा’सारखा दिसतो, प्रभू ‘पोरोब’ होतो, शेणवी ‘सिनाय’ होतो, आणि ‘श’साठी रोमन लिपीतले ते फुलीसारखे अक्षर येते. आडनाव एका दस्तात असते, दुसऱ्यात नसते. सूचीत आडनावाने सापडले नाही तर पहिल्या नावाने आणि गावाने शोधा.

प्रश्न : माझ्याकडे दोन कागद आहेत. १८६२ च्या गहाणखतात आणि १८९७ च्या एका विक्रीखतात नेमके एकच नाव आहे, बापाच्या नावासकट. हा एकच पूर्वज धरावा का?

उत्तर : लगेच धरू नये. आपल्याकडे थोरल्या मुलाला आजोबांचे नाव देण्याची रीत होती. त्यामुळे आजोबा ‘रामाचा कृष्ण’ असेल, तर त्याचा मुलगा ‘कृष्णाचा राम’ आणि नातू पुन्हा ‘रामाचा कृष्ण’. पस्तीस वर्षांच्या अंतरात तोच माणूस म्हातारा होऊन सही करू शकतो आणि त्याचा नातू जाणता होऊनही सही करू शकतो. बापाचे नाव जुळले म्हणजे माणूस जुळला, हा समज गोव्यातल्या वंशावळींत एक पिढी गिळून टाकणारा आहे, आणि छापील वंशावळींतही त्यामुळे घोळ झालेले दिसतात.

दोन्ही कागदांच्या शेवटी पाहा. हिंदू पक्षकार पुष्कळदा पोर्तुगीज मजकुराखाली देवनागरीत किंवा मोडीत सही करीत. अक्षराचे वळण, ‘र’ची शेपूट, नाव जोडून लिहिले आहे की तोडून, हे शेजारी ठेवून पडताळा. एका कागदावर सही आणि दुसऱ्यावर ‘लिहिता येत नाही म्हणून अमुकाने सही केली’ असे असेल, तर माणसे निराळी असण्याचा संभव मोठा. त्यानंतर बायकोचे नाव, वय किंवा धंदा, वाडा आणि साक्षीदार पाहा. साक्षीदार बहुधा शेजारी आणि सोयरे असत. १८६२ चे साक्षीदार आणि १८९७ चे साक्षीदार हे बाप-मुलगे निघाले, तर पक्षकारही आजोबा-नातू असण्याकडे कल झुकतो. इतके करूनही उलगडा झाला नाही तर वंशवृक्षात दोन वेगळ्या चौकटी ठेवून मध्ये तुटक रेघ काढा.

प्रश्न : आमचे घराणे पूर्वी देवळाच्या सेवेत होते. पणजीच्या पिढीपासून मागे आईचे, तिच्या आईचे असे स्त्रियांचेच नाव सांगितले जाते, पुरुषाचे नाव कोणी घेत नाही. वंशावळ करायची तर पुरुषाचे नाव हवेच ना? एका जाणकारांनी ‘तुमची वंशावळ होणार नाही’ असे सांगितले.

उत्तर : आपल्याला जे सांगितले गेले ते चुकीचे आहे आणि दुखावणारेही आहे. आईकडून आईकडे जाणारी वंशावळ ही पूर्ण वंशावळ आहे. किंबहुना एकोणिसाव्या शतकातल्या गोव्यात स्त्रीचा माग काढणे फार अवघड असते, आणि आपल्या घराण्याला त्या बाबतीत इतरांपेक्षा जास्त आधार आहे. लग्न झालेल्या हिंदू स्त्रीचे नाव सासरी बदलले जाई. त्यामुळे माहेरच्या कागदांतली मुलगी आणि सासरच्या कागदांतली सून ही एकच बाई आहे हे सिद्ध करायला पुष्कळदा काहीच उरत नाही. आपल्या घराण्यातल्या देवळाच्या सेवेतल्या स्त्रिया लग्न करून सासरी जात नसत, म्हणून त्यांचे नाव तसे बदलले नाही. त्यांच्यातल्या अनेकींची घरे, दागिने आणि जमिनी स्वतःच्या नावावर होत्या, त्यामुळे नोटरीच्या दप्तरांत त्या स्वतः पक्षकार म्हणून येतात : घर विकत घेणारी, मुलीला बक्षीसपत्र करून देणारी, पैसे कर्जाऊ देणारी. अशा बक्षीसपत्रात आई आणि मुलगी हे नाते स्पष्ट लिहिलेले असते.

देवस्थानच्या जमाखर्चाच्या वह्या पाहण्याची परवानगी मागा. सेवेबद्दल दिलेल्या नमशी जमिनी कोणत्या कुटुंबाकडे होत्या, पालखीच्या आणि उत्सवाच्या दिवशी कोणाला काय मानधन मिळाले, हे वर्षानुवर्षे त्यांत उतरत असे. एकीचे नाव एका वर्षी थांबते आणि दुसरीचे सुरू होते, तिथे बहुधा आईची जागा मुलीने घेतलेली असते. पण ती मावशी किंवा भाचीही असू शकते, म्हणून दुसऱ्या कागदाने खात्री करून घ्या. घरातल्या वृद्ध स्त्रियांशी आजच बोला, आणि ज्या गोष्टी त्या सांगू इच्छित नाहीत त्या विचारून त्यांना त्रास देऊ नका. पुरुषाचे नाव कधी एखाद्या दस्तात सापडले तर नोंदवा. नाही सापडले तर ती चौकट रिकामी ठेवण्यात काही कमीपणा नाही.

जमीन नसलेल्या इतर घराण्यांनीही हाच मार्ग धरावा. मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा), कूळ किंवा कारागीर यांची नावे स्वतःच्या फाइलीत नसतात, ती भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, इन्व्हेंटरीत, येणे-देण्याच्या यादीत आणि ‘अमुक भाटात अमुकाचे घर’ अशा चतुःसीमेच्या ओळीत असतात. आपल्या पूर्वजांचे घर कोणाच्या भाटात होते हे कळले, तर त्या भाटकाराचे कागद हेच आपले कागद समजा.

प्रश्न : आम्ही पेडण्याचे. आजोबांचे थोरले काका १८९० च्या सुमारास मुंबईला कामाला गेले आणि परत आले नाहीत. पत्र नाही, निरोप नाही. त्यांचा पत्ता कसा लावावा?

उत्तर : आधी त्यांचा शोध गोव्यातच घ्या. त्यांचे वडील वारले तेव्हा ते वारस होते. वारस परागंदा असेल तर फाइलमध्ये ‘ठावठिकाणा अज्ञात’ अशी नोंद होई आणि त्याला हजर राहण्यासाठी जाहीर नोटीस काढली जाई. अशा नोटिसा सरकारी राजपत्रात छापल्या जात. हे राजपत्र १८३७ पासूनचे आहे आणि त्याच्या जुन्या अंकांसाठी पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात विचारणा करा. १८३२ साली स्थापन झालेल्या या ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांचाही संग्रह आहे. अशी नोटीस सापडली तर तारीख कळते, आणि त्या तारखेला घरच्यांना ते जिवंत वाटत होते की नाही हेही कळते.

मुंबईच्या बाजूने पाहायचे तर एक गोष्ट लक्षात ठेवली पाहिजे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग सुरू झाला, हजारो माणसे मेली आणि लाखो शहर सोडून गेली. चाळीत एकटा राहणारा, गावाकडचे कोणी जवळ नसलेला माणूस त्या गोंधळात गेला असेल, तर त्याचे नाव महापालिकेच्या मृत्युनोंदीत चुकीच्या गावासह किंवा नुसते ‘गोवेकर’ म्हणूनही उतरलेले असू शकते. मुंबई महापालिकेकडे जुन्या मृत्युनोंदींची चौकशी करताना आडनावाच्या सर्व शक्य रूपांसह पेडणेकर, गोवेकर आणि सावंतवाडीकर हीही नावे विचारा. पेडण्याचा माणूस सावंतवाडीमार्गे आल्यामुळे तिकडचा समजला जाणे स्वाभाविक होते. त्याच गावचे दुसरे कोण मुंबईत होते हे शोधा. गावकरी एकाच वस्तीत, एकाच गिरणीत किंवा एकाच पेढीवर राहत, आणि आपल्या काकांविषयीचा उल्लेख शेजाऱ्यांच्या घरच्या पत्रात निघू शकतो.

आणखी एक जागा पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. नाशिक, त्र्यंबकेश्वर आणि पंढरपूर इथल्या तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या नामावळीच्या वह्या असतात. यात्रेला आलेला माणूस आपले, बापाचे, आजाचे, भावांचे आणि मुलांचे नाव त्यात लिहून देई. मुंबईला राहणारा माणूस गावी आला नाही तरी नाशिकला गेला असेल. आपल्या गावाचे आणि कुळाचे उपाध्ये कोण हे तिथे गेल्यावर सांगतात. गोत्र, कुलदेवता आणि मूळ गाव पाठ करून जा. वहीतले पान पाहायला मिळाले तर केवळ नावे उतरवू नका, नोंद कोणी दिली, कोणत्या साली दिली आणि बरोबर कोण होते हेही लिहून घ्या.

प्रश्न : एका संकेतस्थळावर आमच्या आडनावाचा वंशवृक्ष थेट सोळाव्या शतकापर्यंत मिळाला. तो आपल्या वंशावळीला जोडला तर चालेल का?

उत्तर : प्रत्येक नावासमोर कागद दाखवता येत असेल तर चालेल. आडनाव सारखे असणे हा पुरावा नाही. एकाच गावातली वेगवेगळ्या कुळांची माणसे गावाच्या नावावरून एकच आडनाव लावीत आली आहेत.

प्रश्न : घरी ट्रंकेत मोडी कागदांचे गाठोडे आहे. कागद फाटू लागले आहेत. लॅमिनेशन करून घ्यावे का?

उत्तर : कृपया करू नका. लॅमिनेशन पुन्हा सोडवता येत नाही आणि आतला कागद कायमचा बिघडतो. चिकटपट्टीही लावू नका. गाठोडे ज्या क्रमाने बांधलेले आहे तो क्रम मोडण्याआधी त्याचा फोटो काढा, कारण एकत्र बांधलेले कागद बहुधा एकाच जमिनीचे किंवा एकाच तंट्याचे असतात आणि तो संबंध पुढे वाचणाऱ्याला लागतो. मग एकेक कागद सपाट ठेवून, दिवसाच्या उजेडात पण उन्हात नव्हे, दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. मागच्या बाजूला नुसता आकडा किंवा एक ओळ असली तरी सोडू नका. वाचनासाठी मोडी जाणणाऱ्याकडे हे फोटो द्या, मूळ कागद देऊ नका. एखादा कागद मोडीही वाटत नसेल तर तो गोयकानडीत असू शकतो. जुन्या गावकारीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या, कागदांत ती लिपी आढळते, आणि असा कागद निघाला तर पुराभिलेख खात्यातल्या जाणकारांना अवश्य दाखवा. मूळ कागद सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून उंच, ओल न लागणाऱ्या जागी ठेवा आणि दर पावसाळ्यानंतर उघडून वाळवी लागली नाही ना ते पाहा.